कडाक्याच्या थंडीत अंगणातील झुडपे कशी जपावीत

थंडीच्या लाटेतील रात्र सरल्यावर सकाळी जास्वंदीजवळ गेले, तर तिची पाने प्रथमदर्शनी जशीच्या तशी वाटतात. नीट पाहिले म्हणजे त्यांचा हिरवा रंग जरा गडद, आत पाणी मुरल्यासारखा झालेला दिसतो आणि पान बोटांत धरल्यास शिजवलेल्या पालकासारखे मऊ लागते. ऊन चढू लागले की तेच पान कडेने काळे पडते, देठाशी लुळे होते आणि तीन-चार दिवसांत वाळून गळते. पाने उन्हात काळवंडल्यामुळे झाडाला पाणी कमी पडले, अशी अनेकांची समजूत होते आणि ते ओळीने दोन-तीन दिवस पाणी ओततात. प्रत्यक्षात नुकसान पहाटेच झालेले असते. पानातील पाणी पेशींच्या मधल्या पोकळीत गोठते, तेथे तयार झालेले बर्फाचे कण पेशींमधील पाणी ओढून घेतात, पेशींची आवरणे फाटतात आणि ऊन त्या मेलेल्या भागाला केवळ रंग देते.

झुडपांच्या हिवाळी संरक्षणाविषयी जे वाचायला मिळते, त्यातील बरेचसे बर्फाळ प्रदेशांसाठी लिहिलेले असते. काश्मीर, हिमाचल किंवा युरोपातील बागांमध्ये जमीनच गोठते, साचलेल्या बर्फाच्या भाराने फांद्या मोडतात आणि गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नसल्यामुळे सदाहरित झुडपे ऐन हिवाळ्यात वाळतात. त्यामुळे तेथे फांद्या दोरीने एकत्र आवळणे, झुडूप गोणपाटात गुंडाळणे आणि बुंध्याशी पाचोळ्याचा जाड थर घालणे योग्यच असते. मराठवाड्यात जमीन गोठत नाही. आपल्याकडची थंडी कोरड्या, निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्रीची असते. दिवसभर तापलेली माती आणि पाने आपली ऊब उघड्या आकाशाकडे टाकत राहतात व पहाटेपर्यंत गारठून जातात. म्हणून आपल्या बागेत झाड गुंडाळण्याला फारसा अर्थ नाही. जमिनीतून वर येणारी ऊब झाडाखाली अडवून धरणे, हेच खरे काम आहे. पुढे दिलेल्या जवळजवळ सर्व सूचना या एका गोष्टीवर आधारलेल्या आहेत.

धोक्याची रात्र कशी ओळखावी

मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असले, म्हणजे हवामान खाते थंडीची लाट आल्याचे सांगते. सरासरी काहीही असली, तरी पारा ४ अंशांवर आला की ती लाटच मानली जाते. परभणीला हा अनुभव नवा नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तेथील पारा ५ अंशांच्याही खाली उतरला होता. वर्तमानपत्रातील आकडा वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत, आकाशापासून आडोशाला ठेवलेला असतो. उघड्यावरील गवत आणि बुटक्या झुडपांची पाने निरभ्र रात्री त्याहून तीन-चार अंशांनी थंड होऊ शकतात. छापील आकडा ४ अंशांचा असला, तरी अंगणातल्या पानावरचे दव गोठू शकते, ते यामुळेच.

सायंकाळी अंगणात उभे राहून आकाश पाहिले, तरी बराचसा अंदाज येतो. आभाळ ढगाळ असेल तर ढग जमिनीची ऊब परत फेकतात आणि रात्र सुसह्य जाते. आभाळ स्वच्छ, चांदण्या ठळक, चुलीचा धूर सरळ वर जाऊन थोड्या उंचीवर आडवा पसरलेला आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटावेत, अशी संध्याकाळ आली की झाकण्याची तयारी करावी. पहाटे भरपूर दव पडत असेल तर घाबरण्याचे कारण नसते, कारण हवेतील बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि गारठा वाढण्याचा वेग मंदावतो. दव न पडणारी कोरडी थंडी अधिक वाईट. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला दिला जातो. तो शेतकऱ्यांसाठी असला, तरी घरच्या बागेलाही तितकाच उपयोगी पडतो.

अंगणातील थंड जागा

थंड हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. गोदावरी, पूर्णा, दुधना किंवा मांजरा यांच्या काठची शिवारे आणि ओढ्यालगतची अंगणे म्हणूनच गावठाणापेक्षा अधिक गारठतात. घराभोवती दगड-विटांची भिंत असेल आणि अंगणाचा उतार तिच्याकडे असेल, तर ती भिंत धरणासारखी थंड हवा अडवून ठेवते. अशा वेळी उताराच्या बाजूचे फाटक रात्री उघडे ठेवले, किंवा ते जाळीचे करून घेतले, तर साचलेली हवा निघून जाते. हा उपाय फुकटचा आहे आणि तरीही तो फारसा कोणी करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उलट दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत दुपारचे ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती तर याबाबतीत फारच गुणी. नाजूक झुडूप नव्याने लावायचे असेल तर अशा भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर लावावे. पूर्वेची बाजू टाळलेली बरी, कारण रात्री गोठलेल्या पानावर कोवळे ऊन थेट पडले की बर्फ झपाट्याने वितळतो आणि सावकाश वितळल्यास वाचू शकणाऱ्या पेशीही मरतात.

कोणते झाड झाकावे, कोणते नाही

सगळी बाग झाकण्याची गरज नसते. गुलाब आणि शेवंती यांना ही थंडी मानवते. त्यांची फुले याच दिवसांत खुलतात. कण्हेर आणि जुनी बोगनवेल यांना आपल्याकडच्या थंडीचे विशेष काही वाटत नाही. पांढरा चाफा पाने गाळून उभा राहतो आणि सीताफळही तसेच करते. हा त्यांचा नेहमीचा क्रम आहे, रोग नव्हे. चाफ्याला तर या काळात पाणी जवळजवळ बंदच करावे, कारण गार आणि ओल्या काळ्या मातीत त्याचे मांसल खोड बुडाशी सडते. मोगराही विश्रांती घेत असतो. त्याला बेताचेच पाणी द्यावे.

काळजी करायची ती जास्वंद, क्रोटन, इक्सोरा, अनंत, कोवळा सोनचाफा, कढीपत्त्याची रोपे, लिंबाचे आणि केशर आंब्याचे पहिल्या दोन-तीन वर्षांतील कलम, पपई, केळ आणि अळू यांची. ही उष्ण व दमट प्रदेशांतील झाडे आहेत. पारा १० अंशांच्या आसपास रेंगाळला, तरी काहीही न गोठता त्यांची मुळे पाणी ओढण्यात सुस्तावतात, पाने पिवळी पडतात आणि कळ्या न उमलता गळतात. कढीपत्ता थंडीत पाने पिवळी करून टाकतो तेव्हा त्याला खत घालण्याची घाई होते. ती टाळावी आणि त्याला तसेच राहू द्यावे.

दिवाळीनंतरची तयारी

थंडीत सर्वांत आधी मरते ती कोवळी फूट. म्हणून ऑक्टोबरनंतर नाजूक झुडपांना युरिया देऊ नये आणि त्यांची छाटणीही करू नये, कारण दोन्हींमुळे डिसेंबरच्या तोंडावर लुसलुशीत पालवी येते. पालाशयुक्त खत थोडे दिल्यास फांद्या पक्व व्हायला मदत होते. चुलीतील राखेतही पालाश असतो, पण आपल्या काळ्या जमिनी मुळातच विम्लधर्मी, म्हणजे अल्कधर्मी आहेत, तेव्हा राख एका झुडपास मूठभराहून जास्त घालू नये.

मातीकडे मात्र नीट लक्ष द्यावे. काळी माती सुकली की तिला भेगा पडतात. त्या भेगांतून ओल उडून जाते आणि गार हवा मुळांपर्यंत पोहोचते. नोव्हेंबरमध्ये एकदा खुरपून भेगा बुजवाव्यात, झुडपाखालचे गवत काढून टाकावे आणि पाणी देऊन माती बसू द्यावी. ऐन थंडीच्या लाटेआधी पुन्हा खुरपणी करू नये. भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते, तिच्यातून खालची ऊब वर येत नाही. बसलेली, ओलसर, उघडी माती दिवसा ऊन चांगले शोषते आणि रात्री ते परत देते. पाचोळ्याच्या आच्छादनाबद्दलचे माझे मत अनेकांना पटत नाही, परंतु अनुभवाने ते पक्के झाले आहे. सोयाबीनच्या भुसकटाचा किंवा पाचटाचा थर उन्हाळ्यात अमृतासारखा उपयोगी पडतो; मात्र हिवाळ्यात तो जमिनीची ऊब खालीच कोंडून ठेवतो आणि वरची पाने अधिक गारठतात. आपल्याकडे मुळे गोठण्याची भीती नाही, पानांना धोका आहे. म्हणून लाट येण्याची चिन्हे दिसताच हा थर झुडपाच्या घेराबाहेर ओढून ठेवावा आणि माती उन्हाला मोकळी करावी.

पाणी केव्हा व कोणते द्यावे

ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठवते आणि ती वर पोहोचवतेही लवकर. दिवस-रात्रीच्या या देवघेवीत साधारण वरचा एक फूट थर भाग घेतो, तेव्हा तेवढा भाग ओला असला म्हणजे पुरे. लाट येण्याच्या एक-दोन दिवस आधी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास पाणी द्यावे, म्हणजे दुपारच्या उन्हात माती तापते आणि संध्याकाळपर्यंत वरचे पाणी मुरून जाते. रोज पाणी देण्याचा मोह आवरावा. काळ्या मातीला वाफसा यायला, म्हणजे जादा पाणी ओसरून बेताची ओल उरायला, हिवाळ्यात बरेच दिवस लागतात आणि सतत चिखलात राहिलेली मुळे थंडीने नव्हे, तर कुजून मरतात.

ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअर आहे, त्यांच्या हाती एक फार मोठे साधन आहे. जमिनीखालचे पाणी हिवाळ्यातही साधारण पंचवीस अंशांच्या आसपास राहते. पहाटे मोटार सुरू केली की पाइपच्या तोंडातून पडणाऱ्या पाण्यावर वाफ तरंगताना दिसते आणि गारठलेल्या हातांना ते पाणी चक्क कोमट लागते. अत्यंत कडाक्याच्या रात्री, पहाटे चारच्या पुढे हे पाणी आळ्यात हलकेच सोडल्यास झुडपाभोवतीची हवा दोन अंशांनी तरी सावरते. गच्चीवरील टाकीचे पाणी यासाठी निरुपयोगी आहे, कारण ते रात्रभर उघड्यावर गार झालेले असते.

पानांवर पाणी फवारणे हा प्रकार घरच्या बागेत करू नये. थंड देशांतील फळबागांमध्ये रात्रभर तुषार सिंचन चालवतात, कारण पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी मोकळ्या होतात. परंतु हा उपाय पाणी एक क्षणही न थांबता, सकाळी सगळा बर्फ वितळेपर्यंत सुरू राहिला तरच चालतो. झारीने एकदा पाने भिजवून निजायला गेले, तर ते पाणी कोरड्या हवेत उडताना पानाचीच उष्णता घेऊन जाते.

झाकण्याची रीत

लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात. वर निमुळती, खाली पसरट आणि जमिनीपर्यंत टेकलेली अशी तिची ठेवण असते. त्या थंडीच्या दिवसांत तिच्यात बसलेल्याला ऊब लागते. झुडपावरचे पांघरूण नेमके असेच असायला हवे.

झुडपापेक्षा हातभर उंच असे तीन बांबू घ्यावेत, त्यांची टोके वर एकत्र बांधून तिकाटणे करावे आणि पाय झुडपाच्या घेराबाहेर वीतभर अंतरावर रोवावेत. त्यावर बारदान, जुनी सतरंजी, सुती लुगडे किंवा जाड चादर टाकावी. कापड चारही बाजूंनी जमिनीवर टेकले पाहिजे आणि त्याच्या कडांवर विटा किंवा दगड ठेवून फट बंद केली पाहिजे. कापड झुडपाच्या शेंड्यावर टोपीसारखे ठेवून बुंध्याशी दोरीने आवळणे, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. त्यामुळे जमिनीतून येणारी ऊब कापडाच्या बाहेरूनच निघून जाते आणि आत अडकलेले झाड उघड्या झाडाइतकेच गारठते. नीट घातलेल्या पांघरुणाने आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी अधिक राहते. आकडा लहान वाटला, तरी पान जगणे आणि मरणे यांतील अंतर बहुतेक वेळा तेवढेच असते.

प्लास्टिकचा कागद शक्यतो टाळावा. एका हिवाळ्यात बारदाने कमी पडली म्हणून आमच्या परभणीच्या अंगणातील एका जास्वंदीवर मी प्लास्टिकचा कागद थेट पसरला होता. सकाळी कागद काढला तेव्हा आतून तो घामेजलेला होता, आणि जेथे जेथे पान कागदाला चिकटले होते, तेथे दुपारपर्यंत रुपयाएवढे काळे डाग उमटले. फांद्यांच्या आतील, कागदाला न लागलेली पाने मात्र शाबूत राहिली. पातळ प्लास्टिक जमिनीची ऊब फारशी अडवत नाही आणि स्वतः बाहेरच्या हवेइतके गार होते. ते वापरावेच लागले, तर आत कापड आणि वर प्लास्टिक अशी जोडी करावी आणि पानांना काहीही टेकू देऊ नये. शेडनेट एकेरी टाकल्यास थोडाच उपयोग होतो. दुहेरी घडी केल्यास बरा होतो.

वेळ पाळणे हे साहित्याइतकेच महत्त्वाचे आहे. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा पाचच्या सुमारास, माती अजून उबदार असतानाच, झाकून घ्यावे. रात्री नऊला आठवण होऊन झाकले, तर निम्मी ऊब आधीच निघून गेलेली असते. सूर्योदयाच्या आसपासचा अर्धा-पाऊण तास सर्वांत थंड असतो, म्हणून उजाडताच पांघरूण काढण्याची घाई करू नये, आठ-साडेआठला काढावे. दिवसभर झाकून ठेवणेही चुकीचे आहे, कारण मग मातीला ऊन मिळत नाही आणि रात्री परत द्यायला तिच्याजवळ काही उरत नाही. दवाने भिजलेले बारदान उन्हात वाळवूनच पुन्हा वापरावे. ओले बारदान जड होऊन फांद्या वाकवते आणि ऊबही कमी राखते.

मोठ्या झुडपाच्या पांघरुणाखाली पाण्याने भरलेली घागर किंवा काळा प्लास्टिकचा डबा ठेवल्यास आणखी आधार मिळतो. दिवसभर उन्हात तापलेले दहा-पंधरा लिटर पाणी रात्रभर हळूहळू ऊब सोडत राहते. यासाठी मातीचा माठ घेऊ नये, कारण त्याचे पाणी पाझरून आपोआप थंड होते.

उत्तरेकडून झोंबणारे वारे सुटतात, तेव्हा त्या बाजूला पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कुड उभा करावा. कुड थोडा विरळ असावा. घट्ट भिंतीवरून वारा उसळून पलीकडे जोरात खाली येतो.

शेकोटीविषयी थोडक्यात सांगता येईल ते असे: नुसत्या धुराने फार काही साधत नाही, उपयोग होतो तो आचेचा आणि तिच्यामुळे हलणाऱ्या हवेचा. एका मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. म्हणून करायच्याच तर झुडपांपासून सुरक्षित अंतरावर लहान-लहान शेकोट्या कराव्यात आणि त्या विझेपर्यंत जागे राहावे. दाट वस्तीत हा उपाय करू नये. टायर आणि प्लास्टिक तर कोठेही जाळू नये.

कुंड्या

कुंडीतील झाडाची मुळे चारही बाजूंनी गार हवेत असतात, त्यामुळे जमिनीतील झाडापेक्षा ते आधी गारठते. गच्ची ही घरातील सर्वांत थंड जागा, कारण तिच्यावर सगळे आकाश उघडे असते. नाजूक झाडांच्या कुंड्या संध्याकाळी सज्जाखाली किंवा ओसरीत, भिंतीला लागून आणि एकमेकींना खेटून ठेवाव्यात. पत्र्याखाली ठेवायच्या असतील तर पत्र्याला आतून बारदान लावावे. रात्री पत्रा अतिशय गार होतो आणि त्यावरचे दव थेंबाथेंबाने पानांवर पडत राहते. जड कुंडी हलवणे शक्य नसेल, तर तिच्याभोवती गोणपाट गुंडाळून खाली विटेचा तुकडा द्यावा. कुंडी गुंडाळणे मात्र खरोखर उपयोगी आहे, कारण येथे मुळांनाच थंडी लागत असते.

पाने करपली तर

इतके करूनही एखाद्या रात्री झाड सापडतेच. अशा सकाळी गोठलेल्या पानांना हात लावू नये, फांद्या झटकू नयेत आणि कोमट पाणी तर मुळीच ओतू नये. पूर्वेकडे चादर बांधून झाडाला नऊ-दहापर्यंत सावली द्यावी, म्हणजे पाने सावकाश मोकळी होतात.

त्यानंतर काळवंडलेल्या फांद्या लगेच छाटण्याची फार इच्छा होते, कारण ते झाड डोळ्यांना बघवत नाही. तरीही थांबावे. वाळलेली पाने आणि फांद्या आतल्या भागाला पुढच्या लाटेत आडोसा देतात, आणि कोणती फांदी खरोखर मेली आहे हे काही आठवडे कळतही नाही. महाशिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते, असे आपल्याकडे म्हणतात. छाटणीसाठी तोच मुहूर्त धरावा. तेव्हा फांदीची साल शेंड्याकडून नखाने अलगद खरवडून पाहावी. खाली तपकिरी, कोरडे लागले तर ती जागा मेलेली आहे. बोटभर खाली येऊन पुन्हा खरवडावे. जेथे ओलसर हिरवी रेघ दिसेल, तेथे जीव आहे, आणि तिच्या खालच्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरका काप घ्यावा. जास्वंद वरून पार काळी दिसत असली, तरी बुडाजवळ बहुधा ही हिरवी रेघ सापडते. कलमी झाडाच्या बाबतीत नवी फूट कलमाच्या सांध्याच्या वरून आली आहे की खालून, हे पाहावे. सांध्याखालून आलेली फूट खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची असते आणि ती काढूनच टाकावी लागते.

नवी पालवी चार-पाच पानांची होईपर्यंत खत देऊ नये. त्यानंतर कुजलेले शेणखत दोन ओंजळी घालून बाजूला ओढलेला भुसकटाचा थर पुन्हा बुंध्याभोवती पसरावा, कारण आता ऊन तापू लागलेले असते. बारदाने आणि सतरंज्या दोन दिवस कडक उन्हात वाळवून, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, उंदरांपासून दूर माळ्यावर ठेवाव्यात आणि बांबू वाळवी लागू नये म्हणून भिंतीला उभे न करता खुंट्यांवर आडवे टांगावेत.